सात बेटांच्या पलीकडचं बेट : साष्टी कशी वाचायची

या व्याख्यानाचा विषय 'साष्टी' असा जाहीर झाला तेव्हा काहींना तो गोव्याचा वाटला असेल, आणि ते साहजिक आहे. गोव्यात साष्टी तालुका आहे, मडगाव त्यातच येतं. आम्ही बोलणार आहोत ते दुसऱ्या साष्टीबद्दल. इंग्रजी नकाशात तिला 'सालसेट' म्हणतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी तिच्यावरच वसलेली आहेत. म्हणजे सभागृहात बसलेले आपण बहुतेक सगळे, आणि हे नंतर वाचणाऱ्यांपैकीही पुष्कळजण, या क्षणी एका बेटावर आहोत. लाव्ह्याच्या बेटावर.

हे रोज जाणवत नाही. तरी त्याच्या खुणा रोजच्या प्रवासात आहेतच. अंधेरीहून दादरला जाताना माहीमच्या खाडीचा पूल लागतो. बोरिवलीहून विरारकडे जाताना भाईंदरच्या पुढे वसईच्या खाडीवर गाडीचा आवाज बदलतो. मुलुंडहून ऐरोलीला जायचं तर ठाण्याची खाडी ओलांडावी लागते. पश्चिमेला समुद्र आहेच. चारही बाजूंना पाणी, मग याला बेट नाही तर काय म्हणायचं? पण शाळेतल्या मुलाला विचारा, मुंबई कशी झाली? तो सांगेल, सात बेटं जोडून. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळतात. आणि ते उत्तर देणारा मुलगा ज्या बेटावर राहतो, त्याचं नाव त्या सातांत नसतं.

आज आपण समीक्षा करणार आहोत ती या सात बेटांच्या गोष्टीची. ती खोटी आहे असं आमचं म्हणणं नाही. ती खरीच आहे, पण अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणाची किंमत आपण मोजत आलो आहोत. ही गोष्ट कुठून आली, कुठल्या पुस्तकांनी ती पक्की केली, आणि त्या पुस्तकांच्या कडेला साष्टी कशी राहून गेली, एवढं आज बघू.

आधी बेट समजून घेऊ. साष्टी हे नाव 'षट्षष्टी'वरून, म्हणजे सहासष्ट गावांवरून आलं, असं परंपरेनं सांगितलं जातं. गोव्याच्या साष्टीचीही व्युत्पत्ती हीच सांगतात. आपल्या साष्टीच्या उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी. मधोमध उत्तर-दक्षिण डोंगरांचा कणा. त्याचं सर्वांत उंच टोक साडेचारशे मीटरच्या वर जातं. या कण्याच्या दोन्ही अंगांना सखल जमीन, तिच्यावर भातशेती होती, आणि खाडीकाठी मिठागरं आणि खारफुटी. आज पश्चिम रेल्वे एका अंगानं जाते, मध्य रेल्वे दुसऱ्या अंगानं. बोरिवलीहून मुलुंडला जायला एवढा वळसा का पडतो, याचं उत्तर तो डोंगर आहे.

आकाराचं बोलायचं तर एक तुलना पुरेल. सात बेटं जोडून, भर घालून जे मुंबई शहर तयार झालं, त्याचं क्षेत्रफळ साधारण ६७ चौरस किलोमीटर धरलं जातं. साष्टीवरचं एकटं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे गोष्टीत ज्यांना मान मिळाला ती सातही बेटं, त्यांच्या भरावासकट, साष्टीच्या नुसत्या जंगलात मावतात. आणि या बेटाला एक जिल्हाही पुरत नाही. मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाला, पण ठाणे शहर आणि मीरा-भाईंदर याच बेटावर असून दुसऱ्या जिल्ह्यात आहेत.

आता दगडाकडे येऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचं पठार घडवणारे लाव्ह्याचे उद्रेक झाले, हे आपण वाचलेलं असतं. लाव्हा शंकूच्या एकाच तोंडातून उसळला असं नव्हे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पसरत गेला. एक थर, त्यावर दुसरा थर, अशी सह्याद्रीची पायऱ्यापायऱ्यांची रचना झाली. पण मुंबई-साष्टीचा दगड याहून जरा वेगळा आहे. सह्याद्रीचे थर बरेचसे आडवे आहेत, तर इथले पश्चिमेला, समुद्राकडे, कललेले आहेत. सह्याद्रीत काळ्या बेसाल्टचंच राज्य आहे. इथे त्याच्या जोडीला फिकट, पिवळसर ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट सापडतात. शिवाय ब्रेशिया सापडतो, म्हणजे ज्वालामुखीतून फुटून पडलेले तुकडे राखेत आणि गाळात घट्ट बसून झालेला खडक. वयाच्या मोजणीतही फरक निघतो. गोराई-मनोरीचा ट्रॅकाइट आणि अंधेरीची गिल्बर्ट हिल यांची वयं साधारण सहा ते सव्वासहा कोटी वर्षांच्या घरातली मोजली गेली आहेत. दख्खनचा मुख्य भर ओसरल्यानंतरची ही हालचाल. त्याच सुमाराला भारताच्या पश्चिम कडेपासून सेशेल्सचा तुकडा फुटून निघाला आणि मध्ये समुद्र आला. साष्टी ही त्या फाटलेल्या कडेवरची जागा आहे.

'दूरचं ज्वालामुखी बेट' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी महासागरातलं रियुनियन येतं. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. बऱ्याच भूवैज्ञानिकांच्या मते ज्या तप्त उगमाने दख्खन घडवलं, तोच आज रियुनियनच्या खाली आहे. भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी त्याची वाट राहिली. या वाटेवरच्या मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कोकणातले मजूर गेले, आणि तिथे मराठी समाज अजून आहे. या हिशेबाने रियुनियन आणि साष्टी एकाच घरातली. एक आज जागी, दुसरी सहा कोटी वर्षं निजलेली. अंतर साडेचार हजार किलोमीटरहून जास्त.

पण इथे एक भेद नीट केला पाहिजे, नाहीतर आम्हीही दुसऱ्यांसारखीच अतिशयोक्ती करू. रियुनियन समुद्राच्या तळातून वर आलेलं बेट आहे. ज्वालामुखीनेच त्याला बेट केलं. साष्टी तशी नाही. ती पठाराच्या कडेचा तुकडा आहे. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली होती, तेव्हा आजच्या खाड्या कोरड्या दऱ्या होत्या आणि साष्टी हा किनाऱ्यावरचा एक डोंगर. पुढे पाणी चढलं, दऱ्यांत शिरलं, आणि डोंगराचं बेट झालं. दगड सहा कोटी वर्षांचा आणि बेटपण काही हजार वर्षांचं. नंतर माणसानं पूल आणि भराव घालून ते बेटपण जवळजवळ झाकून टाकलं, त्याला तर दोनशेच वर्षं झाली. हे तीन काळ एकमेकांत मिसळले की साष्टीवरचं लिखाण घसरतं.

गिल्बर्ट हिलच्या बातम्यांत हे नेमकं होतं. अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत उभा असलेला हा सुमारे ६१ मीटर उंचीचा काळा कातळ, वर गावदेवीचं देऊळ. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि उभे बहुकोनी खांब तयार होतात. ते खांब इथे अगदी स्वच्छ दिसतात. बातमीत ठरलेलं वाक्य येतं, असं जगात फक्त तीन ठिकाणी आहे, आणि बाकीची दोन अमेरिकेत. हे खरं नाही. असे खांब जगात पुष्कळ ठिकाणी आहेत. आयर्लंडच्या किनाऱ्यावर आहेत, आणि आपल्याकडे कर्नाटकात मालपेजवळच्या सेंट मेरी बेटांवर तर प्रसिद्धच आहेत. तुलनेला घेतात त्या अमेरिकेतल्या 'डेव्हिल्स टॉवर'चा दगड बेसाल्टसुद्धा नाही.

मग गिल्बर्ट हिलचं महत्त्व कमी होतं का? आमच्या मते उलट वाढतं. 'जगात तीनच' म्हटलं की ती एक नवलाची वस्तू होते, आपण फोटो काढतो आणि निघतो. आजूबाजूचा दगड खाणींनी नेला, हा एक तुकडा राहिला, हे त्या वाक्यात येत नाही. १९५२ मध्ये या टेकडीला कायद्याचं संरक्षण मिळालं, २००७ मध्ये महापालिकेनं तिला वारसा दर्जा दिला. तोवर टेकडी कडेकडेनं खाल्ली गेली होती. या मोठ्या कातळाचा शेवटचा उभा राहिलेला पुरावा म्हणून ती वाचायला हवी. दुर्मिळपणाचा दावा करून आपण दगडाचा मान राखत नाही, फक्त त्याच्या शेजाऱ्यांना विसरतो.

आता पुस्तकांकडे वळू. साष्टीबद्दलचं जुनं मराठी लिखाण म्हणून पहिलं नाव घ्यायचं ते 'महिकावतीची बखर'. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ मध्ये मोठी प्रस्तावना जोडून छापली. ही बखर एका हातची नाही. वेगवेगळ्या काळातली प्रकरणं तिच्यात एकत्र आली आहेत, आणि तिच्यातल्या बिंब राजांच्या सनांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. सन-सनावळीसाठी ती जपूनच वापरावी लागते. पण भूगोलासाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही. तिचा एक महत्त्वाचा भाग शके १३७० चा, म्हणजे इसवी सन १४४८ चा. तो केशवाचार्यांनी सांगितला, आणि त्यामागे पुढाकार होता मालाडचे देसले नायकोराव यांचा. 'महाराष्ट्रधर्म' हा शब्द आपण रामदासांशी जोडतो. तो या बखरीत, त्यांच्या कितीतरी आधी, आलेला आहे. राजवाड्यांचं तिच्याकडे लक्ष गेलं ते अशाच गोष्टींमुळे.

थोडा विचार करा. ज्या मालाडला आपण आज स्टेशन आणि मॉल म्हणून ओळखतो, तिथला एक वतनदार पंधराव्या शतकात लोकांना जमवतो आणि देशाचं काय चाललंय याचा हिशेब मांडायला लावतो. या बखरीला साष्टी 'उप' वाटत नाही. ती कुणाच्या शेजारी आहे म्हणून तिला किंमत, असं नाही. साष्टी, माहीम, ठाणे, वसई हा सगळा एकच मुलूख आहे, खाडी ही त्यातली वाट आहे. मुंबईच्या इतिहासाबद्दल बोलताना बखरीकडे आपण राजांची नावं शोधायला जातो. ती वाचायची ती या नजरेसाठी.

ही नजर तुटली कधी? १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहने वसई आणि तिच्याबरोबरचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी होती आणि मुंबईही होती. म्हणजे पोर्तुगीजांच्या हाताखालीही हा एकच पट्टा राहिला. तुटला तो १६६१ च्या लग्नाच्या तहाने. पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली. १६६५ मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला, १६६८ मध्ये ती कंपनीकडे गेली. इंग्रजांना साष्टीही हवी होती, पोर्तुगीजांनी ती दिली नाही. त्या दिवसापासून माहीमची खाडी ही दोन राज्यांमधली सरहद्द झाली. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई. साष्टी मराठ्यांची झाली, मुंबई इंग्रजांचीच राहिली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं ही दोन शेजारची बेटं दोन वेगळ्या राज्यांत होती.

सात बेटांची गोष्ट या शंभर वर्षांची आहे. नीट पाहिलं तर तिची हद्द भूगोलानं ठरवलेली नाही, एका आंदणाच्या यादीनं ठरवलेली आहे. राज्यकर्त्याला जेवढं मिळालं तेवढी 'मुंबई', आणि त्याच्यापलीकडचं ते बाहेरचं.

गंमत म्हणजे सरहद्द गेली तरी गोष्ट तशीच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायनचा बंधारा बांधून झाला. माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता लेडी जमशेटजींच्या देणगीतून १८४५ मध्ये खुला झाला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. तरी १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांनी शहरावरचं मोठं मराठी पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'मुंबईचे वर्णन', आणि मुंबई म्हणजे तेव्हा माहीम-सायनपर्यंतचं बेट. माडगावकरांना दोष द्यायचं कारण नाही. त्यांनी आपल्या शहराचं जे वर्णन केलं, तसं साष्टीचं करणारं कुणी त्या काळात निघालं नाही, एवढीच खंत आहे.

सरकारी ग्रंथांनी ही फाळणी पक्की केली. साष्टीची माहिती हवी तर जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली १८८२ मध्ये निघालेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडावं लागतं. मुंबईची हवी तर १९०९-१० मध्ये एस. एम. एडवर्ड्स यांच्या संपादनाखाली निघालेले शहराच्या गॅझेटियरचे तीन खंड. नावच आहे 'मुंबई शहर आणि बेट', बेट एकवचनी. ठाण्याच्या खंडात कान्हेरीची लेणी सविस्तर आहेत, गावं आहेत, शेती, मिठागरं आहेत. शहराच्या खंडांत बंदर, व्यापार, लोकवस्ती. दोन्ही आपापल्या जागी मोलाचे ग्रंथ आहेत. पण पुढे मुंबईवर लिहिणाऱ्यांनी शहराचे खंड टेबलावर ठेवले आणि ठाण्याचा कपाटात राहिला. १९५० मध्ये काही उपनगरं आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग महापालिकेत आला. हद्द पुढे सरकली, पुस्तकं मागेच राहिली.

आणि या सगळ्या काळात साष्टी मुंबईला देत काय होती ते बघा. एक, पाणी. सात बेटांवर गोड्या पाण्याची नेहमी टंचाई. १८६० मध्ये साष्टीच्या डोंगरात विहार तलाव तयार झाला आणि नळाचं पाणी शहरात आलं. मग १८७९ मध्ये तुळशी, १८९० च्या सुमाराला पवई. दोन, दगड. शहरातल्या प्रसिद्ध वस्तुसंग्रहालयाची इमारत, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ही कुर्ल्याच्या करड्या बेसाल्टची आणि मालाडच्या पिवळसर ट्रॅकाइटची आहे. दक्षिण मुंबईतल्या दगडी इमारतींवर आपण प्रेमानं लिहितो, त्यांच्या कमानी आणि मनोरे कुठल्या शैलीचे ते सांगतो. दगड कुठला, ते बहुधा सांगत नाही. तो साष्टीचा लाव्हा आहे. बेट खाडी ओलांडून शहरात गेलं, शहराच्या पुस्तकात मात्र गेलं नाही.

दगड आणि पाणी यांचं नातं साष्टीवर फार आधी ओळखलं गेलं होतं. कान्हेरी हे नाव कृष्णगिरीचं, शिलालेखांत त्याचं प्राकृत रूप 'कण्हगिरि' असं येतं. म्हणजे काळा डोंगर. दोन हजार वर्षांपूर्वी नाव ठेवणाऱ्यानं आधी दगडाचा रंग पाहिला. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि जवळपास प्रत्येकाला पाण्याचं टाकं. दान दिल्याच्या लेखांत त्या टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे. लेणं आणि पोढी हे दान जोडीनं दिलं जाई. पावसाळ्याचे चार महिने कोसळणारं पाणी कातळावरच्या चरांतून टाक्यात आणायचं आणि उरलेलं वर्ष त्यावर काढायचं, ही इथल्या भिक्षूंची व्यवस्था होती. कान्हेरीवरच्या लेखनात मूर्ती आणि चैत्यगृह पुष्कळ येतात. पोढी येते ती तळटीपेसारखी. आम्हाला वाटतं, बेटावर कसं राहायचं याचा पहिला धडा तिथे आहे.

निसर्गाच्या अभ्यासकांनी मात्र ही फाळणी मानली नाही. सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३६ पासून इथल्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली, तिचं नावच 'मुंबई आणि साष्टीचे पक्षी' या अर्थाचं होतं. दोन बेटं, एक यादी. खाडीकाठचा बगळा आणि तुळशीच्या जंगलातला धनेश एकाच कामात यावेत यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. पक्षी जिथे जातो तिथे अभ्यासकाला जावं लागतं, जिल्ह्याची हद्द पाळून चालत नाही. आजही या बेटावर एका बाजूला ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात, मध्ये बिबळे राहतात, आणि सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते तेव्हा डोंगराचे उतार जांभळे होतात. हे सगळं आपण वेगवेगळ्या बातम्यांत वाचतो. बिबळ्याची बातमी भीतीची, कारवीची सहलीची, रोहितांची छायाचित्रांची. एका बेटाची म्हणून ती एकत्र वाचली जात नाहीत.

माणसांचंही तसंच. वेसावे, मढ, गोराईचे कोळी, आरे आणि उद्यानातल्या पाड्यांवरचे वारली आणि त्यांचा वाघोबा, मरोळ, कोंडिविटे, चकाला इथल्या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती. त्या समाजाची संघटना १८८७ पासून आहे आणि त्यांची घरातली बोली मराठीच आहे. आपल्या साहित्यात चाळ आली, गिरणी आली, फ्लॅट आला. गावठाण आलं ते थोडं, पाडा आला तो त्याहून थोडा. 'उपनगर' हा शब्दच बघा. तो शहराच्या बाजूनं उभं राहून उच्चारलेला आहे. ज्याच्या आजोबांची मरोळला भातशेती होती, त्याच्यासाठी ते कशाचं 'उप' होतं?

आता आमच्या म्हणण्याविरुद्ध एक आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण आता बेट राहिलंय कुठे? पूल झाले, मेट्रो झाली, लाखो लोक पोटासाठी इथे आले, त्यांना घर हवं आहे, साष्टीचं स्मरण घेऊन काय करायचं? 'पूर्वी किती छान होतं' असं म्हणणारं लेखन बहुधा स्वतःचं घर झाल्यावरच सुचतं, हेही खरं आहे. आम्हाला ते सुचवायचं नाही. बेट परत आणता येणार नाही. पण बेट समजून न घेता त्याच्यावर राहिलं तर काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३. दोन वेधशाळा, दोन बेटांवर, आणि एकाच शहराचे दोन आकडे. रोजच्या हवामानाच्या बातमीत 'कुलाबा' आणि 'सांताक्रूझ' असे दोन आकडे येतात ना, दोन्ही बेटं रोज शेजारी-शेजारी छापणारा मजकूर आम्हाला तरी तेवढाच दिसतो. त्या दिवशी मिठी नदी फुगली आणि कुर्ला, कलिना, वांद्र्याचा पूर्व भाग पाण्याखाली गेला. पुष्कळांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं की मुंबईत मिठी नावाची नदी आहे.

ही नदी उगवते साष्टीच्या डोंगरात. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की ते पाणी तिच्यात येतं. सुमारे अठरा किलोमीटर वाहून ती माहीमच्या खाडीला मिळते. म्हणजे नेमक्या त्या जागी, जिथे साष्टी संपते आणि सात बेटं सुरू होतात. शहराचं पुस्तक जिथे सुरू होतं आणि ठाण्याचं जिथे संपतं, त्या दोहोंच्या शिवणीवर ही नदी आहे. शहराच्या दृष्टीनं ती पलीकडची, जिल्ह्याच्या दृष्टीनं ती शहराकडे गेलेली. मग तिच्या पात्रात भराव पडला, तिच्या काठाला धावपट्टी आणि कचेऱ्या आल्या, आणि तिला नाला म्हणायची सवय लागली. पूर काही पुस्तकांमुळे आला नाही, एवढं आम्हालाही कळतं. पण ज्या नदीचं वर्णन कुठल्याच गोष्टीत नसतं, ती नाला होऊन जाते तेव्हा हरकत घ्यायला कुणी उरत नाही. गिल्बर्ट हिलच्या शेजारचे दगड असेच गेले.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. मुंबईच्या इतिहासाचं नवं पुस्तक लिहिणाऱ्यानं पहिल्या प्रकरणात सात बेटं द्यावीत, जरूर द्यावीत, पण त्यांच्या वर आठवं, सर्वांत मोठं, काढून दाखवावं. शाळेच्या नकाशात त्याचं नाव लिहावं. 'महिकावतीची बखर' मालाड-मरोळच्या वाचकाला कळेल अशा टिपांसह पुन्हा वाचली जावी. गॅझेटियरचे दोन्ही संच एकत्र ठेवून कुणीतरी विहिरी, तलाव, खाणी आणि गावठाणं यांची एकच यादी करावी. हे काम विद्यापीठाचीच वाट पाहत बसायचं नाही. ज्यांच्या घरात जुनी सातबाऱ्याची कागदपत्रं आहेत, ज्यांच्या आजीला विहिरीचं नाव ठाऊक आहे, ज्यांच्या सोसायटीच्या मागे अजून कातळ उघडा आहे, त्यांच्यापासून ते सुरू होऊ शकतं.

या सभागृहातून घरी जाताना आपल्यातले काही पूर्वेला जातील, काही पश्चिमेला. मधला डोंगर दिसला तर त्याच्याकडे लाव्हा म्हणून बघा, पाणलोट म्हणून बघा, आणि कान्हेरी हे नाव कशावरून आलं ते आठवा. प्रश्न असतील तर आता घेऊ. साष्टीतल्या आपापल्या गावाचं जुनं नाव कुणाला माहीत असेल, तर त्यांनी ते आधी सांगावं.